नववी-दहावीच्या मुलांना वाढतं वय कसं शिकवावं? जोड तासाचा आराखडा आणि साहित्य

वर्गशिक्षिका

१ ऑक्टोबरला आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन असतो. बहुतेक शाळांत त्या दिवशी परिसरातल्या आजी-आजोबांना बोलावतात, शाल-श्रीफळ देतात, मुलं गाणी म्हणतात. ते जरूर व्हावं. पण वय वाढताना शरीरात नेमकं काय बदलतं आणि माणसं त्या बदलाशी कसं जुळवून घेतात, हे नववी-दहावीच्या मुलांना हाताने करून कळावं, असा एक जोड तास बसवायचा आहे. आराखडा देते. इथे डोळ्यांचे, कानांचे, फिजिओथेरपीचे जाणकार आहेत, त्यांनी त्यातल्या चुका काढाव्यात.

मुलं ४०, वेळ ८० मिनिटं. पाच टेबलं, प्रत्येक टेबलाशी आठ मुलं म्हणजे चार जोड्या. जोडीतला एक साहित्य अंगावर चढवेल, दुसरा त्याचा सोबती. पुढच्या टेबलाशी अदलाबदल. दर टेबलाला १२ मिनिटं: पाच मिनिटं अडचण, पाच मिनिटं उपाय, दोन मिनिटं वहीत नोंद. उरलेली २० मिनिटं चर्चा.

पहिलं टेबल डोळ्यांचं. प्रयोगशाळेतले गॉगल, काचेवर पिवळा जिलेटीन कागद. कामं: औषधाच्या पाकिटावरची मुदत वाचणं, सुईत दोरा ओवणं, काळे आणि गडद निळे मोजे वेगळे करणं.
दुसरं कानांचं. कापसाचे बोळे, आणि सोबती हळू आवाजात वाक्यं वाचणार.
तिसरं हातांचं. दोन हातमोजे एकावर एक, बोटांच्या सांध्यांवर सर्जिकल टेप. शर्टाची बटणं, लसूण सोलणं, बरणीचं झाकण, एक-दोन-पाचची नाणी मोजून देणं.
चौथं पायांचं. गुडघ्यांना क्रेप बँडेज, प्रत्येक बुटात राजम्याचे आठ-दहा दाणे. खुर्चीतून उठणं, मांडी घालून बसणं आणि उठणं.
पाचवं रोजच्या कामांचं. बँकेतून पैसे काढायची स्लिप भरणं, फोनवर ओटीपी टाकणं, आठवड्याच्या गोळ्या डब्यात लावणं. गोळ्या म्हणजे रंगीत बडीशेप किंवा चॉकलेटच्या गोळ्या, खरं औषध अजिबात नाही.

उपायाची पाच मिनिटं मला सर्वांत महत्त्वाची वाटतात. नुसती अडचण दाखवून मुलांना घरी पाठवलं तर म्हातारपण म्हणजे फक्त हाल, एवढंच ती घेऊन जातील.

---

चाळिशी

डोळ्यांच्या टेबलाबद्दल लिहितो, माझं काम त्यातलंच आहे.

पिवळा कागद बरोबर आहे. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळट होतं आणि निळ्या रंगाच्या छटा दबतात, म्हणून मोज्यांचं काम उत्तम. पण तेवढ्याने अर्धीच गोष्ट होते. बाहुलीही लहान राहू लागते, त्यामुळे साठीतल्या माणसाच्या डोळ्यातल्या मागच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत सुमारे एक-तृतीयांश उजेड पोचतो. जिलेटीन कागदाने इतका उजेड कमी होत नाही. म्हणून त्या टेबलाजवळचे पडदे ओढा, वरची ट्यूब बंद ठेवा. मग उपायाच्या पाच मिनिटांत वाचायचा दिवा लावा. दिवा डोळ्यांसमोर ठेवायचा नाही, तो खांद्यामागून कागदावर पडला पाहिजे. त्याच गॉगलमधून तीच मुदत वाचता येते, हे मुलांना स्वतःला दिसेल. आजोबांना वाचता येत नाही आणि त्या खोलीत वाचण्याएवढा उजेड नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी लगेच सुधारता येते.

आणखी एक सामान ठेवा: पांढऱ्या बशीत पांढरा भात आणि गडद बशीत तोच भात. किती उरलाय ते गॉगलमधून सांगायचं. पायऱ्यांच्या कडेला दोन इंच रुंद पिवळी किंवा पांढरी पट्टी चिकटवण्यामागचं तत्त्व हेच आहे, रंगाचा फरक. मुलांनी मग आपल्या इमारतीतल्या पायऱ्या बघून याव्यात.

मोतीबिंदू, काचबिंदू आणि पडद्याच्या मध्यभागाची झीज दाखवायची असेल तर तिन्हींचे गॉगल वेगळे करा, आणि हे आजार आहेत, वय झालं की प्रत्येकाला होणारे बदल नाहीत, हे स्पष्ट सांगा. मोतीबिंदूसाठी गॉगलवर दुधी प्लॅस्टिक फाइलचे दोन थर. काचबिंदूसाठी काळा कागद, मध्ये पाचेक मिलिमीटरचं भोक. मध्यभागाच्या झिजेसाठी काचेच्या बरोबर मधोमध काळा गोल स्टिकर. हे तिसरं नीट जमत नाही, कारण मूल डोळा फिरवून स्टिकरच्या बाजूने बघतं. खऱ्या आजारात काळा डाग नजरेबरोबरच फिरतो. एवढं सांगून टाका.

चाळिशी मात्र गॉगलने दाखवता येत नाही. पंधरा वर्षांच्या डोळ्याची जवळचं बघायची ताकद इतकी दांडगी असते की तुम्ही काहीही लावलंत तरी अनुभव खोटाच येतो. त्याऐवजी मोजमाप द्या. पेन्सिलवर बारीक अक्षर लिहायचं, एक डोळा झाकून ती हळूहळू जवळ आणायची, अक्षर धूसर झालं की डोळ्यापासूनचं अंतर फूटपट्टीने मोजायचं. लांबचा चष्मा असेल तर तो लावूनच. मुलांचं साधारण ८ ते १० सेंटिमीटर येईल, पंचेचाळिशीच्या आसपास ३० च्या जवळ जातं, साठीत एक मीटरपर्यंत. घरातल्या सगळ्यांचं मोजून आडव्या अक्षावर वय, उभ्यावर अंतर असा आलेख काढला की हा बदल साठीला अचानक येत नाही, आपल्यातही चालूच आहे, हे मुलांना त्यांच्याच आकड्यांतून कळतं.

---

कानोसा

कापसाचे बोळे कृपया काढून टाका. दोन कारणं. मुलं ते आत ढकलतात आणि तंतू आत राहतात. दुसरं, कापसाने सगळेच आवाज थोडे थोडे कमी होतात. वयाने येणाऱ्या बहिरेपणात तसं होत नाही. आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज. स्वर ऐकू येतात, पण स, श, फ, ख, थ यांसारखी व्यंजनं विरतात. म्हणून माणूस म्हणतो, "बोलतोयस ते ऐकू येतंय, कळत नाहीये." घरातले लोक नेमकं हेच मनावर घेत नाहीत. त्यांना वाटतं, आजी सोयीचं तेवढं ऐकते.

दाखवायची सोपी रीत अशी. फोनवर पंचवीसेक शब्द आणि पाच वाक्यं रेकॉर्ड करा. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात लो-पास फिल्टर (उंच पट्टीचे आवाज कापणारी चाळणी) निवडा, २००० हर्ट्झ, उतार २४ डेसिबल. शब्द जोड्यांनी घ्या: साठ-आठ-पाठ, शेव-देव-ठेव, खीर-पीर, सात-हात. मुलांनी हेडफोन लावून ऐकायचं आणि ऐकलं ते लिहायचं. मग मागे मिक्सर, टीव्ही आणि दोघांची बडबड यांचा आवाज मिसळून तीच यादी पुन्हा द्या. दुसऱ्या यादीतल्या चुका पाहून लग्नाच्या हॉलमध्ये आजोबा गप्प का बसतात ते वेगळं समजवावं लागणार नाही.

आता उपाय. इथे बहुतेक जण चुकतात, कारण ते ओरडतात. वयस्कर कानाला हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज मात्र लगेच टोचतो. दोन्हींमधली जागा अरुंद झालेली असते. शिवाय ओरडताना पट्टी वर जाते, म्हणजे जे ऐकू येत नाही तिकडेच आपण आवाज नेतो. मुलांकडून हे क्रमाने करून घ्या: आधी नाव घेऊन लक्ष वेधायचं, मीटर-दीड मीटरवर समोर यायचं, उजेड आपल्या चेहऱ्यावर हवा, खिडकी आपल्या पाठीमागे नको, टीव्ही बंद, आवाज नेहमीचा, जरा खालच्या पट्टीत आणि सावकाश. नाही कळलं तर तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हणायचं नाही, शब्द बदलायचे. आकडे सुटे सांगायचे: "साठ, सहा-शून्य." औषधाच्या वेळा आणि पैशांचे व्यवहार यांत साठ-आठचा घोळ महागात पडतो.

श्रवणयंत्राबद्दल एक वाक्य सांगाच: ते सगळेच आवाज वाढवतं, त्यामुळे भांड्यांचा खणखणाट सुरुवातीला असह्य होतो आणि मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात. यंत्र पेटीत पडून राहण्याचं हे एक मोठं कारण आहे.

---

पायरीपायरीने

फिजिओच्या बाजूने. क्रेप बँडेज गुडघ्याच्या चार बोटं वरपासून चार बोटं खालपर्यंत, पाय जरासा वाकलेला ठेवून बांधा. बांधल्यावर पायाच्या अंगठ्याचं नख दाबून सोडा, दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झालं पाहिजे. मुंग्या आल्या, पाय गार लागला, की लगेच सोडायचं. बँडेज घट्ट बांधायचं नसतं, गुडघा पूर्ण वाकू नये एवढ्यापुरतंच बांधायचं असतं. राजमा बुटात सुटा टाकलात तर सगळा पुढे बोटांत जमतो. दोन मोज्यांच्या मध्ये टाका. मधुमेह असलेल्या किंवा पायाला जखम असलेल्या मुलाला राजमा नको.

खुर्चीतून उठण्याच्या कामात सर्वांत चांगलं शिक्षण बँडेजशिवायच होतं. मुलाला पाठ टेकवून, पावलं पुढे ठेवून बसवा आणि पाठ सरळ ठेवून, पुढे न वाकता उठायला सांगा. धडधाकट मुलालाही उठता येत नाही. शरीराचा भार पावलांवर आल्याशिवाय माणूस उठूच शकत नाही, हे त्याला स्वतःच्या अंगावर कळतं. मग रीत शिकवा: खुर्चीच्या कडेला सरका, पावलं गुडघ्यांच्या जरा मागे घ्या, नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे वाका, हात खुर्चीच्या हातांवर टेकवा आणि रेटा द्या. हीच रीत गुडघा बांधून करून बघू दे. त्यानंतर खुर्चीखाली दोन-तीन इंचांचे लाकडी ठोकळे ठेवून पुन्हा. ठोकळे हलणार नाहीत अशा खाचा हव्यात, नुसत्या विटा ठेवू नका.

सोबत्याने मदत कशी करायची तेही शिकवा, कारण चांगल्या हेतूने केलेल्या चुकीच्या मदतीने खांदे निखळतात. काखेत हात घालून ओढायचं नाही, मनगट धरून खेचायचं नाही. आपला कोपरापासूनचा हात आडवा पुढे करायचा, त्यांना तो धरू द्यायचा, आणि "एक, दोन, तीन" त्यांनी मोजायचं.

मोजमाप हवं असेल तर दोन चाचण्या मुलांना सहज येतील. हात छातीवर घडी करून ४३ सेंटिमीटर उंचीच्या खुर्चीवरून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता येतं. साठ ते चौसष्ट वयोगटात पुरुषांचा आकडा १४ पेक्षा आणि बायकांचा १२ पेक्षा कमी आला तर तो सरासरीखाली धरतात. दुसरी: खुर्चीतून उठून नेहमीच्या चालीने तीन मीटर जाणं, वळणं, परत येऊन बसणं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका समजतात. मुलांनी या चाचण्या एकमेकांवर कराव्यात. घरी आजीवर करायच्या तर मोठं माणूस शेजारी उभं असल्याशिवाय करायच्या नाहीत, हे नोंदवहीत लिहून द्या.

आणि एक गोष्ट या टेबलाशी आवर्जून सांगा. तिशीनंतर दर दहा वर्षांना स्नायू थोडे थोडे घटतात, साठीनंतर वेग वाढतो, पण सत्तरी-ऐंशीतही व्यायामाने ताकद वाढते. मांड्यांचे स्नायू तर फारच चांगला प्रतिसाद देतात. मुलांच्या डोक्यात उतार पक्का बसलेला असतो. त्यात चढही आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही.

---

सांजवेळ

ज्येष्ठांसोबत काम करते, त्या अनुभवातून एक मोठी शंका मांडते. असे प्रयोग मुलांना ज्येष्ठांच्या जवळ नेतातच असं नाही. काही वेळा उलट होतं: मूल गॉगल काढतं, सुटकेचा श्वास टाकतं आणि म्हणतं, "बापरे, मला कधीच म्हातारं व्हायचं नाही." कारण त्याला मिळालेला अनुभव म्हातारपणाचा नसतोच. पाच मिनिटांत डोळे, कान, गुडघे एकदम गेलेल्या माणसाचा तो अनुभव असतो. खरा माणूस वीस-तीस वर्षांत हळूहळू बदलतो आणि दर वळणावर काहीतरी युक्ती शोधतो. ती युक्ती गॉगलमध्ये नाही, माणसात आहे.

म्हणून पाचही टेबलांवर एकेक ज्येष्ठ बसवा. परिसरातल्या ज्येष्ठ नागरिक संघाला किंवा विरंगुळा केंद्राला पत्र द्या, पाच माणसं मिळतील. त्यांना पाहुणे म्हणून मांडून ठेवू नका. उपायाची पाच मिनिटं त्यांच्या ताब्यात द्या. लसूण गरम पाण्यात बुडवून सोलणं, सुईच्या नेढ्यामागे पांढरा कागद धरणं, बरणीवर रबरबँड चढवून झाकण फिरवणं, किराणा एका मोठ्या पिशवीऐवजी दोन लहान पिशव्यांत आणणं, दुपारी बँकेत गर्दी नसते तेव्हा जाणं: हे सगळं ज्ञान त्यांच्याकडे तयार आहे.

मानसशास्त्रज्ञ पॉल बाल्टेस यांनी याचं फार सुबक उदाहरण दिलं आहे, दहावीच्या मुलांना ते नक्की समजेल. पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन ऐंशीच्या घरातही मैफली करत. बोटांचा वेग कमी झाला होता. त्यांनी तीन गोष्टी केल्या: वाजवायच्या रचना कमी केल्या, निवडलेल्यांचा सराव वाढवला, आणि जलद भागाच्या आधीचा भाग मुद्दाम संथ वाजवला, म्हणजे पुढचा भाग ऐकणाऱ्याला वेगवान वाटावा. निवड, सराव, भरपाई. मुलांना नोंदवहीत हेच तीन रकाने द्या आणि घरातल्या एका ज्येष्ठाचं एक काम या तीन रकान्यांत लिहून आणायला सांगा. स्वयंपाक, शेती, शिवण, पूजा, भजन, काहीही चालेल.

वय वाढण्याकडे आपण कसं बघतो याचा आपल्यावरही परिणाम होत असावा. ओहायोतल्या पन्नाशीपुढच्या माणसांच्या जुन्या नोंदी तपासून बेका लेव्ही आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं, की स्वतःच्या वय वाढण्याकडे चांगल्या नजरेनं बघणारे साडेसात वर्षं अधिक जगले. दृष्टीमुळेच आयुष्य वाढलं असं त्यातून सिद्ध होत नाही. पण पंधराव्या वर्षी मनात बसलेलं चित्र माणूस साठीपर्यंत सोबत नेतो, म्हणून ते बनवताना काळजी घ्यावी, एवढं नक्की.

---

गणिताचा_तास

सांजवेळ ताईंना पूर्ण अनुमोदन. अजून एक: मुलं "म्हाताऱ्याची नक्कल" करू लागतात, कंबर वाकवून खोकतात, वर्ग हसतो. सुरुवातीलाच सांगावं की अभिनय करायचा नाही, दिलेलं काम जमेल तितकं नीट करायचं. काम खरं असेल तर नक्कल आपोआप थांबते.

वर्गाबाहेरचा एक प्रकल्प सुचवतो. सिग्नलची वेळ ठरवताना पादचाऱ्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरण्याची पद्धत आहे. रस्ता १५ मीटर रुंद असेल तर १२.५ सेकंद. सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्याला जवळजवळ १९ सेकंद लागतात. मुलांनी जवळच्या चौकात हिरव्या माणसाची वेळ मोजावी, रस्ता टेपने न मोजता नकाशावरून मोजावा, आणि कोणत्या वेगाचा माणूस मधोमध अडकेल ते काढावं. आकडेवारीचं पत्र प्रभाग कार्यालयाला द्यावं. अडचण गुडघ्यात जेवढी आहे तेवढीच सिग्नलच्या गणितात आहे, हे यातून पोचतं.

---

सुतारपक्षी

वस्तू घडवणाऱ्यांत या विषयाचा एक जुना धागा आहे, तो मुलांना सांगण्यासारखा. अमेरिकेतल्या पॅट्रिशिया मूर या तरुण औद्योगिक डिझायनर. १९७९ पासून तीन वर्षं त्या ऐंशीच्या पुढच्या बाईचं रूप घेऊन अमेरिका-कॅनडातल्या शहरांत फिरल्या: नजर धूसर करणारे चष्मे, कानांत बोळे, सांध्यांना पट्ट्या. तेव्हा त्यांचं वय २६. त्यातून पुढे स्वयंपाकघरातली जाड, मऊ मुठींची अवजारं यांसारख्या वस्तूंना बळ मिळालं. संधिवाताच्या हातासाठी केलेली मूठ सगळ्यांनाच आवडते, हा त्यातला धडा.

तिसऱ्या टेबलाशी त्यासाठी तुलना ठेवा. गोल मुठीचं दार आणि खाली दाबायच्या दांडीचं दार (फळीवर दोन्ही कड्या बसवल्या तरी चालेल). बारीक पेन आणि तेच पेन, फोमची नळी चढवलेलं. बारीक दांड्याचा चमचा आणि त्यावर जुन्या सायकलचा ग्रिप. हातमोजे एकच जोड पुरे. दोन चढवले तर बोटं फुगतात आणि अडचण सांध्याची न राहता जाडीची होते. टेप सांध्याच्या वरून आडवा गुंडाळू नका, बोटाच्या मागच्या बाजूने उभा लावा, म्हणजे बोट वाकायला जोर लागतो आणि रक्त अडत नाही.

घरच्या पाहणीसाठी मापं देतो: न्हाणीघरातला आधाराचा दांडा ३२ ते ४० मिलिमीटर जाडीचा, भिंतीत खिळवलेला. टॉवेलचा दांडा आधारासाठी नसतो, तो भारासकट निघून येतो. कमोडची उंची नेहमी ४० च्या आसपास असते, गुडघे दुखत असतील तर ४५ ते ५० सेंटिमीटर बरी. पायपुसणं खाली रबर असलेलंच. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्रीचा मंद दिवा. मुलांनी टेप घेऊन एका संध्याकाळी हे सगळं मोजावं आणि घरात एकच बदल करून घ्यावा, फार नाही.

---

चाळिशी

सुतारपक्षी, त्यात एक भर. दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्यातून जिना उतरताना माणूस खालच्या, वाचायच्या भागातून बघतो आणि पायरी धूसर दिसते. हनुवटी छातीकडे घेऊन वरच्या भागातून बघायचं, किंवा बाहेर फिरायला फक्त लांबचा चष्मा ठेवायचा. चष्मा घालणारी आजी जिन्यात थबकते ती बरेचदा याच कारणाने.

---

माळावरची_शाळा

आमच्याकडे प्रोजेक्टर, गॉगल, हेडफोन काही नाही. मुलांचे आजी-आजोबा मात्र घरोघरी आहेत, बरेच अजून शेतात जातात. बूट किती मुलांकडे आहेत हाही प्रश्न. या परिस्थितीत काय ठेवावं? आणि आमच्याकडची खरी अडचण अंगठ्याची आहे. रेशनच्या यंत्रावर आजीचा ठसा उमटत नाही, ती दोन-दोन खेपा घालते. हे टेबलावर कसं आणावं?

---

सांजवेळ

सर, तुमच्याकडे पहिलं, तिसरं आणि चौथं टेबल पुरे. गॉगलऐवजी पुठ्ठ्याच्या चौकटीला दुधी प्लॅस्टिक लावा आणि दोऱ्याने बांधा. बुटांऐवजी जाड गोणपाटाच्या दोन घड्यांवर उभं राहून तोल सांभाळायचा. तळव्याला जमीन नीट जाणवली नाही की काय होतं ते त्यातून कळतं. कानांसाठी सोबत्याने तोंडावर हात धरून, पाठ फिरवून बोलायचं आणि मग समोर येऊन बोलायचं. एवढ्यानेही फरक दिसतो.

ठशाचं टेबल मुलांना लगेच पटेल. मुलाच्या बोटावर फेव्हिकॉलचा पातळ थर लावून वाळू द्या आणि स्टॅम्प पॅडवर ठसा घ्या. मग साल काढून पुन्हा घ्या. वयाने, शेतीकामाने आणि धुणं-भांड्यांनी बोटांच्या रेषा झिजतात, कातडी कोरडी होते, म्हणून यंत्र ओळखत नाही. यात आजीची चूक काहीच नाही. उपाय: हात धुऊन पुसायचे, बोटाला किंचित ओलावा, अंगठा नाही चालला तर इतर बोटं, आणि जिथे सोय असेल तिथे डोळ्याच्या बुबुळाची किंवा चेहऱ्याची ओळख मागायची. निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावा लागतो, तो आता फोनच्या कॅमेऱ्यापुढे चेहरा दाखवूनही देता येतो. केंद्राच्या ऐंशीपुढच्या निवृत्तांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. दहावीचं मूल हे काम आजोबांना नक्की करून देऊ शकतं.

१४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. घरात कुणी ज्येष्ठावर हात उगारत असेल, पैसे काढून घेत असेल तर मुलाला ते दिसतं, पण सांगायचं कुणाला ते माहीत नसतं.

---

वर्गशिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. कापूस गेला, हातमोजे एकच जोड, प्रत्येक टेबलावर एक ज्येष्ठ. फोनच्या टेबलाबद्दल कुणी लिहाल का? मुलं आजी-आजोबांना फोन शिकवतात तेव्हा दोघंही चिडतात, असं पालक सांगतात.

---

गणिताचा_तास

चिडण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: मूल फोन हातातून घेतं, सहा ठिकाणी टिचक्या मारतं आणि "झालं, सोप्पं आहे" म्हणून परत देतं. आजोबांनी काहीच शिकलेलं नसतं, वर सोपी गोष्ट आपल्याला येत नाही असं वाटतं ते निराळंच.

नियम द्या. फोन शिकणाऱ्याच्या हातात, शिकवणाऱ्याचे हात पाठीमागे. एका बैठकीत एकच काम, उदाहरणार्थ फोटो पाठवणं. पावलं शिकणाऱ्याने स्वतःच्या वहीत, स्वतःच्या शब्दांत लिहायची: "हिरवं चित्र, मग नाव, मग खिळा." तेच काम तीनदा सलग, दुसऱ्या दिवशी वही बघून एकदा, आठवड्याने एकदा. "सोपं आहे" हे वाक्य वर्ज्य.

शिकवण्याआधी सेटिंगमधे तीन बदल करून घ्यायचे: अक्षरांचा आकार मोठा, दाबून धरण्याची वेळ जास्त, पडदा बंद होण्याची वेळ दोन मिनिटं. कोरडं बोट पडद्याला कळत नाही, म्हणून माणूस जोरात आणि लांब दाबतो, फोन त्याचा वेगळाच अर्थ लावतो आणि भलतंच उघडतं. बोट जरा ओलसर करून हलकी टिचकी मारायची. ओटीपीच्या कामात मुलाला हातमोजा घालून ३० सेकंदांत सहा आकडे एका ॲपमधून दुसऱ्यात न्यायला सांगा. फोनवर कुणी मागितला तरी ओटीपी सांगायचा नाही, हे त्याच ओघात.

---

पायरीपायरीने

विसरण्याबद्दल दोन ओळी चर्चेत ठेवा. नाव पटकन न आठवणं, चष्मा शोधणं, नवीन गोष्ट शिकायला जास्त वेळ लागणं हे वयाबरोबर येतं. शब्दसंग्रह आणि अनुभवाचं ज्ञान बराच काळ टिकून राहतं. रोजच्या रस्त्यावर वाट चुकणं, नेहमीच्या भाजीची कृती मध्येच तुटणं, एकच प्रश्न दहा मिनिटांत पुन्हा पुन्हा विचारणं हे वयाने होतं म्हणून सोडून द्यायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं. कर्कश आवाज लावून "डिमेन्शिया अनुभवा" असले प्रयोग शाळेत करू नका, त्यातून फक्त भीती मिळते.

साहित्यात एक काठी जरूर ठेवा, कारण घरोघरी काठ्या चुकीच्या उंचीच्या असतात. माणूस चप्पल घालून ताठ उभा, हात बाजूला सैल सोडलेला: मूठ मनगटाच्या घडीपाशी यायला हवी, म्हणजे धरल्यावर कोपर १५ ते २० अंश वाकतो. काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय. खालचं रबराचं बूच उलटं करून बघा, त्यावरच्या चकत्या गुळगुळीत झाल्या असतील तर ओल्या फरशीवर ती काठी सरकते. बूच औषधांच्या किंवा सर्जिकल दुकानात मिळतं. काठीचा व्यास मोजून न्या, सैल बूच निघून येतं.

---

माळावरची_शाळा

काठीचं फार उपयोगी पडेल. आमच्याकडच्या काठ्या बांबूच्या असतात, बूच नसतं. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा दुमडून तारेने बांधला तर चालेल का?

---

पायरीपायरीने

तार नको, ती झिजून टोक बाहेर येतं आणि फरशीवर घसरते. बांबूचं टोक आधी सपाट कापा. ट्यूबपेक्षा टायरचा जाड तुकडा घ्या, टोकापेक्षा सगळीकडून बोटभर मोठा गोल कापा, खाली धरून कडा वर वळवा आणि ट्यूबच्या अरुंद पट्टीने ताणून गुंडाळा, शेवट गाठीने. महिन्यातून एकदा बघायचं, टायरचे खाच दिसेनासे झाले की बदलायचा. हे काम दहावीच्या मुलांनी गावातल्या काठ्या गोळा करून एका दुपारी करावं, उंचीही त्याच वेळी कापून घ्यावी. पण कापण्याआधी माणसाला चप्पल घालून उभं करून खूण करा. अनवाणी मापलेली काठी चपलेत आखूड पडते.